काठ धरायची हाक

पडद्यावर माणसं धावत होती आणि सभागृहात माणसं हसत होती.

धावणाऱ्यांच्या हातात फावडी, डोक्यावर घमेली. बायकांनी पदर खोचलेले. दोघातिघांनी तोंडाला रुमाल बांधला होता, पण पळता पळता तो गळ्यात आलेला. सगळेच्या सगळे एका घराच्या अंगणात घुसत होते आणि त्या घरासमोर रुग्णवाहिका उभी होती. रोह्याच्या त्या सभागृहात पेण आणि रोहा तालुक्यातल्या आशाताई, आरोग्यसेवक, ग्रामसेवक असे सगळे प्रशिक्षणाला जमले होते. साथ आली तर गावाला धोका कसा सांगायचा, हा विषय. शिकवणारे हितेश सर पडद्याकडे बोट करून म्हणाले, "कोरोनाला फावड्यानं मारायला निघालेलं गाव! पहिला रुग्ण सापडला आणि अख्खं गाव त्याच्याच दारात. तर मंडळी, काय करू नये, ते हे."

पुन्हा हशा. मागे चहा ओतणारा माणूससुद्धा किटली थांबवून हसला.

तिसऱ्या रांगेतली मनाली मात्र हसली नाही. कशी हसेल? पडद्यावर सगळ्यांच्या पुढे, हात वर करून, बेंबीच्या देठापासून ओरडणारा तो उघडा माणूस तिचा बाप होता.

मनाली पेणच्या खाडीकाठची, खारबेळी गावची. गावातून शिकायला बाहेर पडलेल्या पहिल्या मुलींपैकी. पुण्यात सार्वजनिक आरोग्य शिकली आणि तिथेच एका संशोधन गटात लागली. महामारीत धोक्याची सूचना माणसांपर्यंत कशी पोचली आणि पोचली नाही तर कुठे अडली, हे शोधायचं त्यांचं काम. गटाच्या प्रमुख डॉ. प्रणिता मॅडम तिच्या शेजारीच बसल्या होत्या. जिल्ह्याचं नवं प्रशिक्षण त्यांच्या गटाच्या सल्ल्यानं तयार व्हायचं होतं, म्हणून आधीचं कसं चालतं ते बघायला दोघी आल्या होत्या. बघायला आलेल्यानं गप्प बसून बघावं, असा रिवाज आहे. मनाली उठून उभी राहिली.

"सर, हा व्हिडिओ अर्धा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यानंतर त्या गावानं जे केलं, ते कुणी काढलंच नाही. आणि तो पुढे ओरडणारा माणूस वेडा नाही. माझा बाप आहे तो."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. हितेश सर तसे भले गृहस्थ. ते ओशाळले. "अहो, मला तर हा मोबाईलवर आला. कुणाचा काय, मला कुठे ठाऊक?" म्हणाले. आता यात त्यांचा तरी काय दोष? त्या वर्षी सगळ्यांनाच सगळं मोबाईलवर आलं होतं.

बाहेर आल्यावर मॅडमनी तिला बाजूला घेतलं. मनालीला वाटलं, आता झापणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "अभिमान असावा. पण तुझा बाप आहे म्हणून मी तो व्हिडिओ वगळणार नाही. पुढे काय झालं, ते गावाच्या तोंडून आण. आणि ज्यानं हाक घातली, तो स्वतः इथे येऊन बोलला पाहिजे. पुढच्या महिन्यात याच सभागृहात शेवटची चाचणी आहे. त्या दिवशी जे ठरेल तेच जिल्हाभर जाईल. मग मी बदलायचं म्हटलं तरी बदलता येणार नाही."

म्हणजे बघा, एक महिना. नाहीतर खारबेळी कायमची फावडेवाली.

आता खारबेळी काय आहे, ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भरती आली की खाडीचं पाणी गावातल्या शेतांपेक्षा उंच चढतं. मधे काय, तर मातीचा एक लांबच लांब बांध. त्याला गावात काठ म्हणतात. काठाच्या आत भात, बाहेर खाडी. काठ आहे तर गाव आहे. म्हणून प्रत्येक घराला काठाचा एकेक तुकडा नेमून दिलेला. आपल्या तुकड्याची माती आपण लिंपायची, खेकड्यांची बिळं आपण बुजवायची. सरकारबिरकार नंतर आलं, काठ त्याच्या कितीतरी आधीचा.

आणि या काठासाठी गावाला हाका दोन. काठ फुटून भगदाड पडलं की त्याला म्हणतात खांड गेली. तेव्हा हाक यायची, "खांड गेली रेऽऽ!" ती ऐकली की हातातला घास ताटात टाकून, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी फावडं-घमेलं घेऊन त्या एका जागी धावायचं. खांद्याला खांदा लावून पाण्यात उभं राहायचं, माती-पेंढा कोंबायचा. तिथे 'मी जरा नंतर येतो' चालत नाही.

दुसरी हाक उधाणाची. पाणी चढतंय, पण काठ अजून शाबूत आहे. तेव्हा हाक यायची, "काठ धरा होऽऽ!" मग प्रत्येकानं आपापल्या तुकड्यावर जायचं आणि तिथून हलायचं नाही. शेजाऱ्याशी गप्पा मारायलाही नाही. कारण तू तिकडे गेलास की इकडे तुझा तुकडा वाहून जायचा. नुसतं आपल्या घराचं नाव घेऊन ओळीनं उत्तर द्यायचं. सगळ्यात पहिलं उत्तर हैबतरावच्या घराचं, कारण त्याचा तुकडा उघाडीपाशी, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचा दरवाजा असतो ना, तिथला. सगळ्यात अवघड जागा. "हैबतरावचं घर, हाय!" मग "काशीबाईचं घर, हाय!" असं करत करत ओळ शेवटच्या तुकड्यापर्यंत यायची. तो तुकडा काळुरामचा. ज्या घराचं उत्तर आलं नाही, तिथे काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

दोन्ही हाका घालायचा मान काळुरामच्या घराचा, आणि काळुराम म्हणजे मनालीचा बाप. मान त्याला शोभायचाही. आपला आवाज वाऱ्यावर बसला तर खाडीपलीकडची कुत्री भुंकतात, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. हळदीत माईक बिघडला की लोक मेकॅनिकला नाही, काळुरामला शोधायचे. आणि तो मिशीवरून हात फिरवत असा यायचा, जणू नवरदेव तोच.

मनाली घरी पोचली तेव्हा तोच माणूस ओटीवर गप्प बसला होता. आई, हौसा, वालाच्या शेंगा सोलत होती.

"बाबा, तुला रोह्याला यायचंय. तो व्हिडिओ..."

"कशाला? परत हसवायला?" काळुरामनं मान वर केली नाही. "नाय येणार मी. नाय म्हणजे नाय."

"अरे, पुढचं सांगायचंय तुला. दुसऱ्या हाकेचं."

काळुराम उठला, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि काठाकडे चालू पडला. पाणी ओहोटीला लागलेलं, काठाला काडीचंही काम नव्हतं. पण बोलणं टाळायचं असेल तर पुरुषमाणसाला फावडं फार उपयोगी पडतं.

"जाऊ दे गो त्याला," हौसा म्हणाली. "चार वर्सं झाली, हाक नाय घातली. आता उधाण आलं तर पोरं ग्रुपवर टाकतात. बाकीचे अंगठा दाखवतात. अंगठ्यानं काय काठ धरतो?"

मग हौसानं सगळं सांगितलं. ती सांगायला बसली की शेंगा सोलायचा हात थांबत नाही आणि तोंडही थांबत नाही.

तेव्हा, टाळेबंदीत, मनाली पुण्यात अडकलेली. इकडे रोज सकाळी एक रिक्षा यायची, तिच्यावर भोंगा. भोंग्यातून एक बाई सांगायची, सामाजिक अंतर राखा, सहव्याधी असलेल्यांनी दक्षता घ्यावी. "ती बाई काय बोलायची, ते तिच्या आईला तरी कळलं असंल का? आमी म्हटलं, चांगलंच सांगत असंल." तेवढ्यात हैबतरावचा मुलगा नितेश पनवेलहून घरी आला होता, त्याचा रिपोर्ट आला. सरपंचाचा काळुरामला फोन. नितेशला झालाय, गाडी येतेय, गावाला सांग. बस्स, इतकंच. कसं सांग, काय सांग, काही नाही.

"मंग ह्यांना काय वाटलं? गावात शिरला रोग, म्हणजे खांड गेली. आन घातली हाक. हात हैबतरावच्या घराकडे. झालं! जो तो फावडं घेऊन तिकडेच. मीपण गेले घमेलं घेऊन, खोटं कशाला बोलू? रोग हाय ते ठाऊक होतंच, पण दारात गेल्यावर कळलं, हितं माती टाकायला कायपण नाय. आन तेवढ्यात कुणीतरी मोबाईल धरलेला."

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ कुठून कुठे गेला. गावातल्या सुनांच्या माहेरचे विचारायला लागले, गावचे जावई फोनवर हसायला लागले. काळुराम आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हा हौसा त्याच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

"मी म्हटलं, उठा. खांड नाय गेली अजून. उधाण आलंय नुसतं. तुमी हाक चुकलात. आता दुसरी घाला."

आणि त्या संध्याकाळी काळुरामनं ओटीवर उभं राहून "काठ धरा होऽऽ" अशी हाक घातली. भोंग्यातल्या बाईला जे महिनाभर जमलं नव्हतं, ते एका दमात झालं. जो तो आपल्या उंबऱ्यात. कुणी कुणाच्या अंगणात पाय टाकला नाही. कारण आपला तुकडा सोडून शेजारी जायचं नसतं, हे खारबेळीत दुधपित्या पोराला ठाऊक. आणि उंबऱ्यातूनच एकेका घराचं उत्तर आलं, "हाय!"

मग रोज संध्याकाळी हाक आणि रोज उत्तरं. गावची आशाताई अनिता देवळापुढे एकटी उभी राहून कान देऊन ऐकायची. ज्या घराचं उत्तर नाही, तिथे मास्क लावून, बोटाला लावायचं यंत्र घेऊन थेट जायची. काशीबाई एकटी राहायची. एका संध्याकाळी तिचं उत्तर आलं नाही. अनिता गेली, तर म्हातारी चुलीपाशी धापा टाकत बसलेली. वेळेत पेणला नेली म्हणून वाचली. आता ती सगळ्या गावाशी भांडते, आणि गाव कौतुकानं भांडण ऐकून घेतं.

हे सगळं मनालीनं पुढच्या दिवसांत घरोघर जाऊन ऐकलं. आणि काय सांगू, लोकांना सांगताना कोण उत्साह! आधी सगळे मान खाली घालायचे. "त्या फावड्याचं विचारतेस का गो?" म्हणायचे. पण दुसऱ्या हाकेचा विषय काढला की छाती फुगायची. बायका उंबऱ्यात उभं राहून दाखवायच्या, मी अशी उभी राहायची, असं उत्तर द्यायची. एका घरातला म्हातारा अंथरुणातून "हाय!" असा ओरडला की शेजारचं मांजर पळालं. पुण्याच्या ऑफिसात मनाली आपल्या गावाचं नाव घ्यायला कचरायची, कुणी तो व्हिडिओ पाहिलेला असेल म्हणून. आता तिला त्या कचरण्याचाच राग आला. अरे, हे माझं गाव! अक्कल गहाण टाकलेलं नाही, अक्कल वापरून तगलेलं.

पण सगळं सांगून झालं तरी एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं. ती शेवटी अनितानं सांगितली.

"हैबतकाका गेले ना त्यात. नितेशनंतर आठवड्यानं त्यांना नेलं, ते परत आलेच नाहीत. काळूकाका रोज हाक घालायचे आणि पहिल्या उत्तरासाठी थांबायचे. रोज. मग काशीबाई कंटाळून आपलं उत्तर द्यायची. त्यांच्या मनानं घेतलंय, आपल्या हाकेनं गर्दी झाली आणि त्या गर्दीनं हैबतराव नेला."

"पण खरं तसं आहे का?"

"नाय गो! हैबतकाकांना ताप त्या गर्दीच्या आधीपासूनच होता, मीच तपासलेलं. मी किती वेळा सांगितलं काळूकाकांना. ते म्हणतात, मग नितेश गावात का येत नाय?"

आता यावर कुठलं संशोधन काय उत्तर देणार? खरी माहिती होती, सांगणारी भरवशाची होती, ऐकणारा बहिरा नव्हता. तरी पोचलं नव्हतं.

मनालीनं पत्ता काढला आणि ती रोह्याजवळच्या वरश्याला गेली. शेतं होती तिथे आता इमारती उभ्या राहताहेत, त्यातल्याच एकीत नितेश आणि त्याची बायको भाविका राहत होते. नितेश कारखान्यातून नुकताच शिफ्ट करून आलेला. दारात मनालीला बघून त्याचा चेहराच उतरला.

"गावातून आलीस? कुणी पाठवलं?"

"कुणी नाही, नितेशदादा. मीच आले."

भाविकानं चहा ठेवला. नितेशनं कप हातात घेतला. मग म्हणाला, "काय बोलतात गावात माझ्याबद्दल? ह्यानंच रोग आणला, असंच ना?"

"कुणीही असं म्हणत नाही. उलट विचारतात, नितेश का येत नाही."

"खोटं बोलू नकोस."

"मी घरोघर फिरलेय दादा. माझं कामच आहे ते. आणि माझ्या बापाला वाटतं, तू त्याच्यावर रागावून येत नाहीस. त्यानं तुझ्या दारात गर्दी आणली म्हणून."

नितेशनं कप खाली ठेवला. त्याला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले.

"रागावून? अगो, तुला ठाऊक हाय का आबा काय बोलला होता? मी गाडीत बसत होतो, शरमेनं अर्धा मेलेला. अख्खा गाव फावडी घेऊन दारात. आबा ओटीवर बसलेला. मला बोलला, बघ, आपल्या घराला खांड पडली तर गाव कसा धावून येतो. घाबरू नको. पुढे त्याला नेलं, तेव्हा दवाखान्यातून फोनवर तेच. बाजूच्या खाटांवरच्या माणसांनापण तेच सांगायचा म्हणे, की आमच्या काळूनं एक हाक घातली आणि माझ्यासाठी अख्खा गाव आला. मान ताठ ठेवून गेला गो माझा बाप."

भाविकानं दोघांपुढे पाण्याचे पेले ठेवले.

"हे तू माझ्या बाबाला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडानं? मला वाटायचं, काळूकाका माझं तोंड बघणार नाय."

दोन माणसं. एक पेणच्या खाडीवर, एक वरश्यात. दोघेही एकमेकांच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसलेले, आणि दोघांनीही चुकीचा लावलेला. मनालीनं तिथल्या तिथे बापाला फोन लावायला घेतला. नितेशनं हात आडवा केला.

"फोनवर नको. हे मी सांगायचं हाय. गावात यायला अजून पाय उचलत नाय, पण तुमचं ते सभागृह हितून हाकेच्या अंतरावर हाय. काळूकाका येणार असतील तर मी येतो."

आता काळुरामला कसं आणायचं? मनालीनं विनवलं, अनितानं समजावलं. ढिम्म. शेवटी आदल्या दिवशी हौसा पदर खोचून उभी राहिली.

"नका येऊ तुमी. मी जाते. मीच घालते हाक."

"तू?" काळुराम गर्रकन वळला. "तुझी हाक? आपल्या कोंबड्या तरी ऐकतात का?"

"नाय ऐकल्या तर नाय. पण खारबेळीची हाक म्हणून लोक तीच लक्षात ठेवतील."

काळुराम पाठ फिरवून आत गेला. पण सकाळी पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला होता, आणि तो कुणी इस्त्री केला याची चौकशी करायचा शहाणपणा घरात कुणी केला नाही. पहिल्या एसटीनं सगळे निघाले. काळुराम, हौसा, अनिता, आणि 'मी वाचलेय, मला बघू द्या की लोकांना' असं म्हणत काशीबाई.

सभागृह तेच. पंखे तेच. पडद्यावर पुन्हा ती माणसं धावली आणि पुन्हा हशा पिकला. काळुराम खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. मनालीला वाटलं, आता हा उठून जाणार. आणि काळुराम उठलाच. पण दाराकडे नाही, पुढे गेला.

हितेश सरांनी माईक पुढे केला. "हे काढा," काळुराम म्हणाला. "मला नाय लागत."

पहिल्याच शब्दाला मागची रांग सावरून बसली. चार वर्षं न वापरलेला आवाज, पण काय आवाज तो!

"व्हिडिओमधी पुढं ओरडतोय तो मी. हसा, हसायसारखंच हाय. पण एक ऐका. गाव वेडा नव्हता. आमच्याकडे खांड गेली अशी हाक आली की धावायचं असतं, गाव धावला. रोग हाय ठाऊक असून धावला, जिवाला भ्याला नाय. गावानं हाक पाळली. चुकला तो हाक घालणारा. मला दुसरी हाक घालायला पायजे होती. ती मी घातली, एक दिवस उशिरा. आन गावानं तीपण पाळली."

मग त्यानं दुसऱ्या हाकेचं सांगितलं. उंबऱ्यांचं, उत्तरांचं, अनिताचं. काशीबाई मधेच उभी राहून "ती मीच!" म्हणाली, तेव्हा लोक पुन्हा हसले, पण हे हसणं निराळं होतं. हितेश सर भराभर लिहून घेत होते. म्हणाले, "म्हणजे आपण सूचना नवीन शोधत बसलो, आणि लोकांकडे ती होतीच. कुठली वापरायची, एवढंच ठरवायचं होतं."

"काळुराम," प्रणिता मॅडम म्हणाल्या, "ती हाक घालून दाखवता?"

काळुराम घुटमळला. त्यानं हौसाकडे पाहिलं. हौसानं घाला की, अशी मान हलवली. मग त्यानं छाती भरून घेतली, हात तोंडापाशी नेला.

"काठ धरा होऽऽऽ!"

खिडक्यांच्या काचा थरथरल्या. खाडीकाठच्या गावांतून आलेल्या आशाताया, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी खुर्च्यांतून उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याही गावांना काठ होते. आणि मग शांतता झाली. काळुराम थांबला होता. सवयीनं, पहिल्या उत्तरासाठी. काशीबाईनं तोंड उघडलं नाही. अनितानंही नाही. काळुरामचा हात हळूहळू खाली यायला लागला.

मागच्या दारातून आवाज आला.

"हैबतरावचं घर, हाय!"

काळुरामनं डोळे बारीक करून पाहिलं. कारखान्याच्या निळ्या शर्टातला नितेश खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं पुढे येत होता. सगळ्यांदेखत तो काळुरामपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "काळूकाका, आबा जाताना बोलला, काळूनं एक हाक घातली आणि माझ्यासाठी अख्खा गाव आला. दवाखान्यात सगळ्यांना सांगायचा. तुमाला सांगायचं राहिलं माझ्याकडून."

काळुरामनं नितेशला दोन्ही हातांनी धरलं. मग त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, घसा खाकरला आणि पूर्वीच्याच तोऱ्यात खेकसला, "पुढचं घर! झोपलात काय रे?"

"काशीबाईचं घर, हाय!"

मग उभ्या राहिलेल्या आशातायांनी आपापल्या घरांची नावं घेतली. खाडीशी संबंध नसलेल्या गावांतले लोकही उठले. ज्यांच्या गावाला काठ नव्हता, त्यांनीही घराचं नाव घेतलं. हितेश सरांनी बायकोचं नाव घेतलं आणि लाजले. प्रणिता मॅडमनीसुद्धा उत्तर दिलं. ओळ फिरत फिरत शेवटच्या तुकड्यापाशी आली.

तो तुकडा काळुरामच्या घराचा. तो हाक घालायचा म्हणून उत्तर नेहमी हौसा द्यायची. पण आज हौसानं मनालीच्या पाठीत कोपर मारलं. "दे गो."

मनाली उठली. पुण्याच्या ऑफिसात बैठकीत हळू बोलते म्हणून जिला टोकायचे, तीच ही मुलगी.

"काळुरामचं घर, हाऽऽय!"

बाहेर रस्त्यावरची माणसं थबकून आत बघायला लागली. पोरीचा आवाज बापावर गेलाय, हे त्या दिवशी सगळ्या रोह्याला कळलं.